पाहुण्याच्या नावावर

मापाडीणीचं सकाळपासून खुर्चीवर बूड टिकत नव्हतं. नऊला येऊन बसली ती साडेनऊपर्यंत चारदा उठली. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला, एकदा तीच खिडकी उघडायला, आणि चौथ्यांदा कशाला उठली ते तिचं तिलाच आठवेना, म्हणून दारापर्यंत जाऊन मुकाट्यानं परत आली.

मापाडीण हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. बाजारात धान्य मोजून देणारा मापाडी असतो ना, तशी ही यंत्रांचा वेळ मोजून द्यायची. कुठल्या कामात किती वेळ गेला, कोण कामचुकार, कोण बिचारा उगाच राबतोय, हे ती टक्क्यांत सांगायची. ऑफिसात कुणीतरी थट्टेत मापाडीण म्हटलं आणि ते चिकटलं. तिलाही आवडायचं, खोटं कशाला बोला. अठरा वर्षं हेच काम, आणि तिच्या मापाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती.

आज चार वाजता मीटिंग होती. तीत मास्तरांचा निकाल लागायचा होता, आणि तो तिच्या मापावरून लागायचा होता.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. एकोणसाठ वर्षांचा, जाड चष्म्याचा, चालताना स्वतःशी पुटपुटणारा प्रोग्रामर. शहराच्या रुग्णवाहिका पाठवायचा प्रोग्राम त्यांनी सोळा वर्षांपूर्वी लिहिला, आणि रुग्णवाहिकावाल्यांकडे अजून तेच तो सांभाळायचे. फोन आला, की सर्वांत जवळची रिकामी गाडी कोणती, हे तो शोधायचा आणि तिला पिटाळायचा. मापाडीण नोकरीला लागली ती त्यांच्याच हाताखाली. यंत्राची भाषा ओळीनं वाचायला तिला त्यांनी शिकवलं. 'मताला विचारू नकोस, मापाला विचार,' हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की शेवटी ती मापाचाच धंदा घेऊन बसली.

आणि गेल्या महिन्यात तक्रार आली. प्रोग्राम मध्येच अडकतो. गाडी शोधायला अर्धा सेकंद लागायचा तिथं चार लागतात, सहा लागतात, एकदा तर अकरा लागले. अकरा सेकंद म्हणजे काय, ते ज्याच्या घरी कुणी जमिनीवर पडलंय त्याला विचारावं. मापाडीणीच्या कंपनीच्या यंत्रावर तो प्रोग्राम चालायचा, म्हणून माप घ्यायचं काम तिच्याकडे आलं. तिनं घेतलं, रंगीत पट्ट्यांचा आलेख काढला, आणि त्यात सर्वांत लांब पट्टी निघाली मास्तरांची. बासष्ट टक्के वेळ 'जवळची गाडी शोधा' या एकाच कामात. तिनं तो अहवाल सहा जणांना पाठवला, त्यात मास्तरही होते.

रुग्णवाहिकावाल्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं, आजच्या मीटिंगमध्ये फक्त शिक्कामोर्तब व्हायचं होतं. सोमवारपासून हा प्रोग्राम बंद, विकतचा नवा सुरू, आणि मास्तर सन्मानानं घरी. माणसाला दार दाखवायचं असलं की हा सन्मान कुठून तरी काढतातच.

इतकं सगळं झालं, तरी मापाडीणीच्या जिवाची घालमेल त्यासाठी नव्हती. म्हणजे होती, पण खरं बोचत होतं ते वेगळंच. मास्तर भांडले नव्हते. एका स्वल्पविरामासाठी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस, आणि आपल्या सोळा वर्षांच्या कामावर कुणी बोट ठेवलं तर त्यानं उत्तर काय पाठवावं? 'तुझं माप आहे म्हणजे बरोबरच असणार.' बस्स, एवढंच. तीन आठवडे ती ओळ तिच्या डोक्यात किड्यासारखी वळवळत होती.

दहाला आईचा फोन आला.

"अगं, सुतार आलाय. दार खालून तासू म्हणतो. तासू देऊ का?"

"दे."

"पण मग फट राहील ना. मुंग्या येतात."

"आई, मी कामात आहे. त्यालाच विचार ना काय करायचं ते."

"त्यानंच मला विचारलंय, म्हणून तुला विचारतेय."

मापाडीणीनं 'तास म्हणावं' असं सांगून फोन ठेवला आणि सवयीनं खणात टाकला. दहा ते एक ही तिची डोकं लावायची वेळ. त्या वेळात फोन खणात, आवाज बंद. जग बुडालं तरी एकनंतर बुडावं, असा तिचा खाक्या होता. आज मात्र आई परत परत फोन करणार हे ठाऊक होतं, म्हणून तिनं तो पुन्हा बाहेर काढला, आणि आईचे आधीचे चुकलेले फोन पाहायला यादी उघडली. यादीत मास्तर होते. अहवाल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला. तिसऱ्या दिवशी सव्वा अकराला. मग आणखी दोनदा. चारही वेळा फोन खणात. संध्याकाळी करू म्हणून तिनं ते बाजूला ठेवले होते, आणि संध्याकाळी कुठं कुणाला आठवतंय.

तिनं तिथल्या तिथं मास्तरांना फोन लावला. बंद होता.

मग तिनं अहवाल उघडला. वाचायला नव्हे, मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं तर तोंडघशी पडू नये म्हणून. ती मोठी पट्टी तिनं फोडली आणि आतल्या एकेका ओळीचा वेळ पाहू लागली. हे तिनं आधी केलं नव्हतं. अहवालात कामाचं नाव हवं होतं, ओळी कुणी मागितल्याच नव्हत्या. बासष्टातले जवळजवळ पन्नास टक्के एकाच ओळीवर बसले होते, आणि ती ओळ म्हणजे साधी बेरीज. दोन आकडे घ्या, मिळवा, पुढं चला. लोणी कापायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. बेरीज इतका वेळ खाईलच कशी?

इथंच घोडं पेंड खात होतं. आणि ते का, हे कळायला हे माप घेतात कसं ते सांगायला हवं. दोन मिनिटांचं काम आहे.

एक दांडगं यंत्र असतं. त्याच्या पोटात आठ-दहा यंत्रं राहतात, खोटी, पण प्रत्येकाला वाटतं मीच खरं. बाहेरचं यंत्र यजमान, आतली पाहुणे. खुर्च्या, म्हणजे यंत्राचे हिशेब करणारे मेंदू, थोड्या, पाहुणे जास्त, म्हणून पाळीपाळीनं बसतात. आता पाहुणा खुर्चीवर बसून आपलं काम करतोय, आणि बाहेर नेटवर्कच्या तारेवरून काही माल आला, की तारेचं कार्ड हाक मारतं. त्या हाकेला म्हणतात इंटरप्ट. हाक आली की पाहुण्याला आहे तिथं थांबवायचं, यजमानानं खुर्ची घ्यायची, हाक काय आहे ते पाहायचं, आणि मग पाहुण्याला परत बसवायचं. पाहुण्याला याचा पत्ताही नसतो. त्याला वाटतं, आपण सलग काम करतोय.

मापाडीणीचं अवजार यजमानाच्या बाजूनं सेकंदाला हजार ठोके टाकायचं आणि प्रत्येक ठोक्याला टिपून ठेवायचं, की आत्ता खुर्चीवर कोण आणि तो कुठल्या ओळीवर. गंमत अशी, की ठोका हीसुद्धा एक हाकच. टिपायला जावं तोवर पाहुणा उठलेला आणि यजमान बसलेला. म्हणून तिनं एक खूण ठेवली होती. पाहुण्याला उठवताना खूण वर करायची, म्हणजे टिपणाऱ्याला कळतं, की हा ठोका पाहुण्याचा आहे, त्याच्याच नावावर लिही, तो थांबला त्या ओळीवर लिही. मग खूण उतरवायची. खूण उतरवायची केव्हा, एवढाच काय तो प्रश्न.

दोन वर्षांपूर्वी ती फार लवकर उतरायची. तेव्हा पाहुण्यांचे ठोके यजमानाच्या नावावर पडायचे आणि पाहुणे धुतल्या तांदळासारखे दिसायचे. ही चूक मापाडीणीनंच शोधली, दुरुस्त केली, आणि साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली. ते आठवून ती आजही जरा ताठ बसली. मग ती ताठ बसलेली बाई हळूहळू ढिली पडली, कारण त्या बेरजेचं उत्तर तिथंच कुठंतरी असणार, असं तिला वाटायला लागलं.

पण वाटण्याला काय विचारायचं? तिनं मापालाच विचारायचं ठरवलं.

कोपऱ्यातल्या रिकाम्या यंत्रावर तिनं दोन पाहुणे बसवले. पहिल्याला काम दिलं नुसतं मोजायचं. एक, दोन, तीन, चार, जन्मभर. दुसऱ्याच्या दारात नेटवर्कचा माल ओतायचा. खऱ्या यंत्रावर मास्तरांच्या शेजारी एका गोदामाचा पाहुणा होता, त्याच्याकडे साठ कॅमेऱ्यांची चित्रं दिवसभर धो धो यायची. तसाच माल तिनं तयार केला. आणि हाका कुणी घ्यायच्या? तिच्या नेहमीच्या चाचणीत तारेच्या सगळ्या हाका एका वेगळ्या, राखीव खुर्चीकडे जायच्या. घर नीटनेटकं असावं तशी तिची प्रयोगशाळा नीटनेटकी. खऱ्या यंत्रावर तसं काही नव्हतं, ज्या खुर्चीला फावेल ती हाक घ्यायची. आज तिनं तसंच मोकळं सोडलं.

दुसरा पाहुणा अजून गप्प होता. पहिल्याचा आलेख बरोबर आला. मग तिनं माल सोडला आणि वीस मिनिटं वाट पाहायची ठरवली.

ती वीस मिनिटं तिनं कशी काढली ते विचारू नका. नखं खाल्ली. टेबलावरच्या वायरी सोडवून पुन्हा गुंडाळल्या. डबा उघडून तसाच बंद केला. आईचा फोन आला, सुतारानं दार काढून भिंतीला टेकवलंय आणि तो जेवायला गेलाय, आता घराला दारच नाही. "मग तू दारात बस," असं मापाडीण म्हणाली, आणि आईनं "तेच करतेय" असं सांगून फोन ठेवला.

वीस मिनिटांनी तिनं आलेख उघडला. पहिला पाहुणा, तोच, ज्याला मोजण्यापलीकडे काही येत नव्हतं, त्याची पट्टी फुगली होती. त्याच्याच 'एक मिळवा' या ओळीवर पंचावन्न टक्के. शेजाऱ्याच्या ताटात वाढत होते आणि पोट याचं सुटत होतं.

मग तिनं आपल्याच अवजाराचा कोड उघडला. शोधायला लागलंच नाही. दोन वर्षांपूर्वीची तिची स्वतःची टीप तिथं होती, 'सगळं आटपल्यावरच खूण उतरवावी.' सगळं. हाक घेऊन झाली, की यजमानाची उरलेली कामं सुरू होतात. आलेला माल उलगडायचा, कुणाचा कोणता ते पाहायचं, ज्याच्या त्याच्या दारात टाकायचा. माल फार असला की हे काम लांबतच जातं. आणि इतका वेळ खूण वरच. प्रत्येक ठोका त्या बिचाऱ्या पाहुण्याच्या नावावर, तो थांबला होता त्याच ओळीवर. मास्तरांचा प्रोग्राम सतत गाड्यांची यादी चाळत बसलेला, म्हणून खुर्चीवर तोच जास्त वेळ सापडायचा. हाक आली तेव्हा तो बेरीज करत होता, एवढाच त्याचा गुन्हा. अकरा सेकंदांचा उशीर खरा होता, पण उशीर प्रोग्राम करत नव्हता, त्याची खुर्ची यजमान अडवून बसायचा.

तिनं ती एक ओळ उचलून वर नेली. हाक घेऊन झाली की लगेच खूण उतरते, उरलेली कामं नंतर. मग खऱ्या यंत्राचं दहा मिनिटांचं नवं माप घेतलं. मास्तरांची बासष्ट टक्क्यांची पट्टी नऊवर आली.

अडीच वाजले होते. ती उठली ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

साहेब वाईट माणूस नव्हता. घाबरट होता, आणि घाबरट माणसाच्या हातून वाईट माणसाइतकंच होतं, हा भाग वेगळा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुमचं हे अवजार किती ग्राहक वापरतात?"

"चाळीस."

"म्हणजे चाळीस जणांना सांगायचं, की दोन वर्षं आम्ही चुकीचं मोजत होतो?"

"ज्यांच्याकडे माल जास्त येतो त्यांचंच चुकलं असणार. पण सांगायला लागेल सगळ्यांना."

"सांगू ना. पुढच्या आठवड्यात सुधारित आवृत्ती काढू, तीत व्यवस्थित मांडू. आज हे काढू नका. आज त्यांचा निर्णय होऊ दे."

"पुढच्या आठवड्यात मास्तर नसतील."

"त्यांनी स्वतः तरी कुठं हरकत घेतली?" साहेब म्हणाले. "त्यांचा प्रोग्राम. त्यांना शंका आली असती तर ते गप्प बसले असते का?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते साहेबांना द्यायचं नव्हतं. मास्तरांनी चार फोन केले होते. चार. तिला स्वतःचीच चीड आली.

"मी मेल पाठवतेय," ती म्हणाली.

"थोडं थांबा. विचार करा. हे तुमच्यावर येईल, कंपनीवर नाही."

"माझंच आहे ते."

ती जागेवर आली आणि ज्या सहा जणांना अहवाल गेला होता त्या सहाही जणांना तिनं लिहिलं. माप चुकीचं आहे. चूक माझ्या अवजाराची, म्हणजे माझी. यजमानाचा वेळ पाहुण्याच्या नावावर पडत होता. प्रोग्रामचा दोष नाही. नवं माप सोबत आहे. पाच ओळी, आणि खाली नाव. मग तिनं पाठवायचं बटण दाबलं.

साहेब पाच मिनिटांनी तिच्या टेबलापाशी आले. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते फक्त दमलेले दिसत होते. "आता निदान यंत्र तरी नीट करा," एवढंच म्हणाले. ते काम दहा मिनिटांचं निघालं. कॅमेऱ्यांच्या हाकांना तिनं एक राखीव खुर्ची दिली, म्हणजे त्या मास्तरांच्या खुर्चीकडे फिरकणारच नाहीत. गाडी शोधायला पुन्हा अर्धा सेकंद लागू लागला. सव्वातीनला रुग्णवाहिकावाल्यांचं उत्तर आलं, सोमवारचा बदल थांबवत आहोत, मीटिंग रद्द, सविस्तर बोलू.

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. मास्तरांचा फोन अजून बंद होता. शेवटी तिनं काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, फोन लावला.

"ते आत आहेत," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरकडे आलोय आम्ही."

"काय झालं मास्तरांना?"

"डोक्याची तपासणी. विसरायला होतंय म्हणतात."

कुठले डॉक्टर, कुठला रस्ता, हे विचारून मापाडीण खाली धावली. टॅक्सीत बसली आणि सगळा रस्ता तिनं पुढच्या सीटची कड धरून ठेवली. सिग्नलला गाडी थांबली, की तिला उतरून पळत सुटावंसं वाटे. तीन आठवडे तिनं एका माणसाला फोन केला नव्हता, आणि आता तीन मिनिटं निघेनात.

दवाखान्याची बाहेरची खोली लहान होती. भिंतीला सहा खुर्च्या, एका कोपऱ्यात पाण्याचं मशीन, समोर तपासणीचं बंद दार. काकू मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिला पाहिलं, पण शेजारची खुर्ची थोपटली नाही. एरवी थोपटायच्या. ती उभीच राहिली.

दार उघडून मास्तर आले. हातात एक कागद होता. मापाडीणीला पाहून ते हसले, आणि ते हसू पाहून तिला रडू यायला लागलं, कारण ते लाजलेलं हसू होतं. चोरी सापडल्यासारखं.

"तीसपैकी बावीस," ते म्हणाले. "चोवीस तरी हवेत म्हणतात. तीन शब्द सांगितले होते लक्षात ठेवायला. एकच आठवला. खुर्ची."

"मास्तर, माझं माप चुकलंय."

"काय?"

"माझं अवजार चुकीचं मोजत होतं. तुमच्या प्रोग्रामला काही झालेलं नाही. मी खूण वर करते ना पाहुण्याला उठवताना, ती..."

"थांब." मास्तरांनी हात वर केला. डोळे बारीक केले आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं, जसे ते अठरा वर्षांपूर्वी फळ्याकडे पाहायचे. "उरलेली कामं झाल्यावर उतरवतेस?"

"हो."

"म्हणजे शेजाऱ्याचा माल उलगडेपर्यंत ती वरच. आणि ओळ लिहिली जाते ती थांबवलं तिथली."

"हो."

"म्हणून ती बेरीज."

"हो, मास्तर."

"तू चाचणी घेताना हाका वेगळ्या खुर्चीकडे वळवल्या असशील. म्हणून तुला दिसलं नाही."

तिनं मान हलवली. जे शोधायला तिला अख्खी सकाळ लागली ते या माणसानं पाण्याच्या मशीनशेजारी उभं राहून अर्ध्या मिनिटात काढलं होतं, आणि हातात बावीस मार्कांचा कागद होता.

"मला आली होती शंका," मास्तर म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी. बेरजेवर इतका वेळ जाईलच कसा? तुला फोनही केले. मग म्हटलं, ही असली चूक करायची नाही. मी ते काम सहा वेळा नव्यानं लिहिलं, सहा तऱ्हांनी. तुझ्या अवजारातून दर वेळी आलेख तसाच. तेव्हा वाटलं, आपल्यालाच आता बेरीज कळेनाशी झाली."

ते हे तक्रार म्हणून बोलत नव्हते. एखादं कोडं सुटल्यावर माणूस खुशीत बोलतो तसे बोलत होते. तिनं रद्द झालेली मीटिंग सांगितली, राखीव खुर्ची सांगितली, अर्धा सेकंद सांगितला. "छान," ते म्हणाले, "छान काम केलंस." मग कागदाची घडी करत ते काउंटरकडे गेले.

आता काकू उठल्या आणि तिच्याजवळ आल्या.

"मला तुमच्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच सांग, ते बरे आहेत ना?"

"बरे आहेत, काकू. चूक माझी होती. सगळी."

"गेल्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, उद्या मी तुला ओळखलं नाही तर रागावू नकोस. गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, माझ्या हातून कुणाला काही व्हायला नको. पस्तीस वर्षं हा माणूस मला गाडीला हात लावू देत नव्हता." काकूंचा आवाज चढला नाही. "ते तुला केव्हाच माफ करून बसलेत. त्यांचं तुझ्यावर लेकीसारखं प्रेम आहे. माझंही होतं. पण मला नाही जमायचं. निदान इतक्यात तरी नाही."

चूक कबूल केली की सुटलो, असं मापाडीणीला टॅक्सीत वाटलं होतं. ते खरं नव्हतं.

मास्तर काउंटरवरून परत आले. काकूंनी पर्स उघडली, किल्ली काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "ऐकलंत ना ती काय म्हणाली ते? काही झालेलं नाही तुम्हाला."

मास्तरांनी किल्ली घेतली. मग त्यांनी ती काकूंच्या हातात परत दिली.

"आज तूच चालव," ते म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यातल्या तपासणीची तारीख घेतलीय मी. असू दे."